स्थिर हातामागचे चित्त

मकरसंक्रांत जवळ येऊ लागली की सोलापुरात नंदीध्वजांच्या सरावाची लगबग सुरू होते. ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कमरेच्या आधारावर तो उंच, जड ध्वज पेलत मानकऱ्यांना अडुसष्ट लिंगांच्या मार्गाने चालायचे असते. अंगात बळ आहे एवढ्यावर हा ध्वज कोणाच्या हाती देत नाहीत. आधी सराव, मग मान. पाहणाऱ्याला तोल शरीराचा दिसतो. पण तो राखते अवधान. लक्ष ढळले की ध्वज कलतो, हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. हाच न्याय शस्त्रक्रियागृहाला लावण्याचा विचार मात्र आपल्याकडे अजून गांभीर्याने झालेला नाही.

सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून डॉक्टर घडवीत आहे. त्याला जोडलेल्या रुग्णालयात जिल्ह्याबरोबरच धाराशिव आणि सीमेपलीकडील कर्नाटकातूनही रुग्ण येतात. येथे किंवा अशा कोणत्याही शासकीय रुग्णालयात शिकणाऱ्या तरुण शल्यचिकित्सकाच्या हातात एखाद्या शेतमजुराचा, विणकराचा जीव असतो. त्या रुग्णाला दुसरीकडे जाण्याची ऐपत नसते. म्हणून शिकणाऱ्याचा हात कसा तयार होतो, हा प्रश्न केवळ वैद्यकीय वर्तुळाचा नाही.

हाताच्या तयारीची व्यवस्था आता बरीच सुधारली आहे. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक मानली गेली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव पेटीत करता येतो. पडद्याकडे पाहत, लांब दांड्याच्या कात्रीने गॉजवर आखलेले वर्तुळ रेषेबरहुकूम कापायचे असते. परंतु हे वर्तुळ शांतपणे कापणारा विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णाच्या पोटात अचानक रक्तस्राव सुरू झाला, मागे ज्येष्ठ उभे राहिले, यंत्राची घंटी वाजू लागली, की तसाच राहतो का? छाती धडधडते, बोटांना कंप सुटतो, दृष्टी एकाच बिंदूवर खिळते आणि पुढची पायरी आठवेनाशी होते. तेथे उणीव बोटांच्या कौशल्याची नसते.

सुश्रुताने हे अचूक ओळखले होते. त्याच्या संहितेतील योग्यासूत्रीय अध्याय सर्वांना अभिमानाने सांगितला जातो. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा. भेदनाचा सराव पाणी-चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. शिरावेधाचा मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. शिवण्याचा वस्त्रांच्या व मऊ कातड्यांच्या कडांवर, अशी ती सविस्तर योजना आहे. आजच्या कौशल्य प्रयोगशाळेचा हा पूर्वज होय. पण त्याच सूत्रस्थानात शल्यवैद्याचे गुण सांगताना धैर्य, शीघ्र क्रिया व तीक्ष्ण शस्त्र यांच्या पंक्तीला सुश्रुत घाम न येणे, हात न कापणे आणि गोंधळून न जाणे हेही बसवतो. ‘अस्वेदवेपथु’ आणि ‘असंमोह’ हे त्याचे शब्द. भाषणांतून कोहळा-काकडी नेहमी येते, हे दोन शब्द क्वचितच येतात. आणि प्रामाणिकपणे हेही म्हटले पाहिजे की, हाताच्या सरावाचे जितके तपशील तेथे आहेत, तितके हा असंमोह कमावण्याचे नाहीत. ते योगशास्त्राने आणि बौद्ध ध्यानपरंपरेने दिले.

हे दोन प्रवाह अलीकडे एकत्र आले ते अमेरिकेत. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बौद्ध ध्यान आणि हठयोग यांवर आधारलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. ‘माइंडफुलनेस’ या नावाने तो जगभर पसरला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. कार्टर लेबारेस व सहकाऱ्यांनी नवशिक्या शल्यचिकित्सकांवर त्याचा पडताळा घेतला. आठवड्यातून एकदा वर्ग आणि रोज घरी थोडा वेळ श्वासावर लक्ष, असा क्रम ठेवला; दुसऱ्या गटाला त्याच काळात वेगळे उपक्रम दिले. २०१८ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ध्यान करणाऱ्या गटाने गॉजचे तेच वर्तुळ अचूकता न गमावता अधिक वेगाने कापले. मात्र या प्रयोगात दोन्ही गट मिळून अवघे २१ जण होते. एवढ्या आधारावर जयघोष करणे अशास्त्रीय ठरेल. परंतु ‘हे तर साधूंचे काम’ म्हणून हसण्याचीही सोय उरलेली नाही.

इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने १९७६ मध्ये सुरू झाले, म्हणजे कबात-झिन यांच्या उपक्रमाच्याही तीन वर्षे आधी. विद्या महाराष्ट्राच्या अंगणात होती. मोजमाप अमेरिकेत झाले. ‘हे आमचेच’ असे म्हणून समाधान मानण्यापेक्षा, मोजण्याचे काम आपल्याकडून का झाले नाही, ही खंत अधिक उपयोगाची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये १२ ते २१ जून असे दहा दिवस योगवर्ग घेण्याची सूचना महाविद्यालयांना केली, हे स्वागतार्हच. पण २२ जूनलाही शस्त्रक्रियांची यादी लागते.

येथे एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्या निवासी डॉक्टरला झोपच मिळालेली नाही, त्याला ‘श्वासाकडे पाहा’ म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चीनच्या रणभूमीवर १९४० मध्ये एका लढाईच्या वेळी तब्बल ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचा अंत झाला. त्यांची राजकीय वाट कोणाला पटो वा न पटो, त्या सेवेपुढे मस्तक नमतेच. परंतु तो युद्धाचा प्रसंग होता. शांततेच्या काळात तसल्या जागरणाची अपेक्षा विशी-पंचविशीतल्या मुलांकडून आठवड्यामागून आठवडे करणे याला त्यागाचे नाव देता येत नाही. केंद्राच्या १९९२ च्या योजनेत निवासी डॉक्टरांसाठी सर्वसाधारणपणे सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. २०२४ मध्ये आयोगाच्या कृतिदलाला आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम नको, अशी शिफारस करावी लागली. मर्यादेचा आकडाच ४८ वरून ७४ वर गेला, यातच सारी कथा आली. ध्यान हे विश्रांतीला पर्याय नव्हे; खरोखर आजारी झालेल्या मनाला तर मानसोपचारतज्ज्ञच हवा.

कामाचे तास आवरले, तर मात्र उरलेले काम फार खर्चाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा सूचीनुसार छेद घेण्यापूर्वी सारा चमू क्षणभर थांबून रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि जागा पडताळतो. त्या विरामातच दोन-तीन सावध श्वासांची जागा आहे. मात्र आधी रोजची बैठक झालेली असेल, तरच ते श्वास कामी येतील. कौशल्य प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात सरावाआधी वीस मिनिटे राखावीत. शिकविणारा जाणकार असावा, सक्ती नसावी आणि कोणत्याही पंथाची मुद्रा त्यावर नसावी. सोलापुरात दोन तुकड्या करून, एकीला ही बैठक देऊन, वर्षभराने दोघींचे वर्तुळ आणि वेळ मोजता येईल. त्यासाठी पेटी, गॉज, कात्री आणि घड्याळ एवढेच साहित्य लागते.