पोटातला केसांचा गोळा

पोट दुखते, फुगते, जेवण झाले की उलटी होते, अशा तक्रारी घेऊन १८ वर्षांची एक मुलगी अमेरिकेतील शिकागो येथील डॉक्टरांकडे आली. पाच महिने हा त्रास चालू होता आणि वजन सुमारे १८ किलोंनी घटले होते. तपासणीत तिच्या जठरात भला मोठा गोळा आढळला. खोदून विचारल्यावर तिने कबूल केले, ती कित्येक वर्षे स्वतःचे केस खात होती. शस्त्रक्रिया करून काढलेला तो गोळा तब्बल साडेचार किलो वजनाचा भरला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रख्यात नियतकालिकात २००७ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली.

केस पोटात गेले तर बाहेर का पडत नाहीत? केस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो. जठरातील पाचकरस त्याला पचवू शकत नाहीत. शिवाय तो गुळगुळीत असल्याने अन्न पुढे ढकलणाऱ्या जठराच्या हालचालींना दाद देत नाही आणि आतल्या वळ्यांमध्ये अडकून बसतो. एखाददुसरा केस गिळला गेला तर काही बिघडत नाही. पण रोजच ही भर पडत राहिली, तर केस एकमेकांत गुंततात, त्यात अन्नाचे कण अडकतात आणि हळूहळू जठराच्याच आकाराचा गोळा तयार होतो. आम्लामुळे तो काळा पडतो आणि अडकलेले अन्न कुजल्याने रुग्णाच्या तोंडालाही दुर्गंधी येते.

कधी कधी या गोळ्याची शेपटी वेणीसारखी लांबत लहान आतड्यात उतरते. या प्रकाराचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला ‘रापुंझेल सिंड्रोम’ असे नाव मिळाले. ग्रिम बंधूंच्या परीकथेतील रापुंझेल उंच मनोऱ्याच्या खिडकीतून आपली लांबलचक वेणी खाली सोडते, त्यावरून हे नाव. नाव गोड असले तरी आजार जिवावर बेतणारा आहे. आतड्याचा मार्ग बंद होणे, जठराला किंवा आतड्याला छिद्र पडणे हे त्याचे धोके आहेत.

पोटातील अशा गोळ्याला ‘बेझोअर’ म्हणतात. विषावरचा उतारा या अर्थाच्या ‘पादजहर’ या फारसी शब्दावरून ते आले. बकऱ्यांच्या पोटात सापडणारे असे खडे विष उतरवतात, अशी एके काळी समजूत होती. माणसाच्या पोटातील गोळा मात्र स्वतःच जीव घेऊ शकतो.

हा आजार दुर्मीळ आहे. भारतातही अशा शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. रुग्ण बहुधा वयात येणाऱ्या मुली किंवा तरुणी असतात. सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीने निदान होते. औषधाने केस विरघळत नाहीत आणि मोठा गोळा तोंडावाटे दुर्बिणीने काढणेही सहसा जमत नाही. म्हणून बहुधा पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागते.

पण गोळा काढला म्हणजे आजार संपला, असे नाही. त्याचे मूळ मनात असते. काही जणांना केस उपटण्याची अनावर ओढ लागते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ मध्ये तिला ‘ट्रायकोटिलोमेनिया’ हे नाव दिले. यांपैकी काही जण उपटलेले केस खातात. मनावरचा ताण, एकटेपणा किंवा नुसता कंटाळाही त्यामागे असू शकतो. मुलीला स्वतःलाच लाज वाटत असते, म्हणून ती हे लपवते. रागावले, मारले तर ती अधिकच लपवते, इतकेच.

डोक्यावर मध्येच विरळ जागा दिसू लागली, मुलगी सारखे केस तोंडात घालू लागली, भूक मंदावली, वजन उतरू लागले, तर आईवडिलांनी वेळीच डॉक्टरांना दाखवावे आणि केसांची सवय न संकोचता सांगावी. ही एक गोष्ट कळली की निदान सोपे होते. रक्तातील लोहही तपासून घ्यावे. ते कमी असेल तर अखाद्य वस्तू खाण्याची इच्छा होऊ शकते. पुढे मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतल्यास सवय सोडवता येते.

शिकागोच्या त्या मुलीने वर्षभरात सुमारे नऊ किलो वजन परत मिळवले. पोटदुखी थांबली होती आणि केस खाणेही सुटले होते.