किड्यामुंगीचं आयुष्य किती?

मे महिन्याची सुट्टी संपवून कॉलेजात आलो, तर कँटीनमागच्या दोन रोयणांपैकी एक गायब. त्या जागी लाल मातीचा सपाट चौकोन आणि कडेला रचून ठेवलेले पेव्हर ब्लॉक. दुचाक्या लावायला जागा पुरत नाही ही तक्रार आम्हा विद्यार्थ्यांचीच होती, तेव्हा दोष कुणाला देणार? जेसीबीने एका दुपारी काम उरकलं म्हणे. शिपाईकाका म्हणाले, "मी कामाला लागलो तेव्हाही ते होतं, माझ्या कमरेएवढं." काकांना लागून 18 वर्षं झाली. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो.

'किड्यामुंगीचं आयुष्य' असं आपण सहज बोलून जातो. त्यात दोन गोष्टी धरलेल्या असतात. ते आयुष्य छोटं असतं आणि त्याला किंमत नसते. किमतीवर वाद घालता येईल. छोटं असतं ही मात्र सरळसरळ चूक आहे, आणि ती मीही आतापर्यंत करत आलो.

आगोटीचा पहिला पाऊस पडला की ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे गर्दी करतात. आमची आजी दिवे घालवून एका मेणबत्तीखाली पाण्याची परात ठेवते. सकाळी केरसुणीने पंखांचा ढीग लोटायचा. एका रात्रीचे पाहुणे, असंच मला वाटायचं. पण हे पाहुणे बहुतेक वेळा वाळवीचे असतात आणि त्यांतल्याच एखाद्या जोडीचे पुढे राजा-राणी होतात. पाल, बेडूक आणि आजीची परात यांतून वाचलेली जोडी पंख गाळून ओल्या मातीत शिरते. वारूळ बांधणाऱ्या काही जातींची राणी पंधरा-वीस वर्षं अंडी घालत राहते. राजाही तिथेच, तिच्या शेजारी. मुंग्यांमध्ये नर उड्डाणानंतर लवकरच मरतो. वाळवीचा संसार मात्र टिकतो. (लग्नपत्रिकेवर छापायला हरकत नाही.) मुंग्यांची राणीही काही कमी नाही. युरोपातल्या साध्या काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या अवस्थेत जवळजवळ 29 वर्षं जगली. तिच्या कामकरी मुली एक-दोन वर्षांत मरत राहिल्या आणि ती नव्या घालत राहिली.

सगळ्यात जास्त मात्र मला एका कोळिणीने धरून ठेवलं. कोळी हा काही कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, हे झूलॉजीवाले सांगतीलच. पण आपल्या बोलण्यातल्या 'किड्या'त तोही येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहू पिकवणाऱ्या भागात, नॉर्थ बंगुला नावाच्या राखीव रानात, बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने 1974 मध्ये एका जातीच्या कोळ्यांची बिळं मोजायला घेतली. हे कोळी जमिनीत बीळ करतात आणि त्याला बिजागरीसारखं उघडणारं झाकण बसवतात. बाईंनी प्रत्येक बिळाशेजारी नंबराची खुंटी ठोकली. मादी एकदा बीळ केलं की ते सोडत नाही आणि दुसरीच्या बिळात राहायलाही जात नाही. त्यामुळे खुंटी तीच तर कोळीणही तीच. 16 नंबरची कोळीण 2016 पर्यंत जगली. 43 वर्षं! म्हातारपणानेही गेली नाही. लिआंडा मेसन या तरुण संशोधिकेला तिच्या झाकणाला भोक दिसलं. परजीवी गांधीलमाशी आत शिरली होती. 2018 मध्ये याबद्दलचा शोधनिबंध आला तेव्हा यॉर्क मेन नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या.

मला यात कोळिणीइतकंच नवल त्या नोंदींचं वाटतं. वर्षानुवर्षं त्याच रानात जायचं, त्याच खुंट्या शोधायच्या, झाकण उघडतं का पाहायचं आणि लिहून ठेवायचं. तीन वर्षांची डिग्री आणि सहा महिन्यांचं सेमिस्टर यांत बसणारा प्रोजेक्ट केला असता, तर ती कोळीण एक नंबरच राहिली असती. ती किती जगते हे कळलं, कारण जमीनही तशीच राहिली आणि पाहणारं माणूसही येत राहिलं.

जमीन तशीच राहिली नाही तर काय होतं, हे अमेरिकेतल्या रातकिड्यांसारख्या ओरडणाऱ्या सिकाडांवरून कळतं. त्यांच्या काही जाती 13 तर काही 17 वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत काढतात आणि मग ठरल्या वर्षी लाखोंनी वर येतात. 2024 मध्ये दोन मोठ्या टोळ्या एकाच वेळी वर आल्या. त्या दोघींची अशी गाठ त्याआधी 1803 मध्ये पडली होती. पण कनेक्टिकटमधली 'अकरा क्रमांकाची' टोळी 1954 नंतर कुणालाच दिसली नाही. खाली गेलेल्या पिल्लाला 17 वर्षांनी वर यायचं असतं. मधल्या काळात झाड गेलं की मूळ गेलं, आणि वर फरशी पडली तर दारच बंद.

आता आपल्या उरलेल्या रोयणाकडे येतो. पार्किंगचा दुसरा टप्पा दिवाळीनंतर आहे असं ऐकतो. माझं म्हणणं एवढंच की तो रोयण सोडून करावा. सहा-सात गाड्यांची जागा जाईल. ग्रंथालयाच्या कपाटाला दोन वर्षांपूर्वी वाळवी लागली होती, हे मला कुणी ऐकवेल. कपाट वाचवायलाच हवं, त्याचा उपाय कपाटापाशी करावा. सातेरीच्या गाभाऱ्यात रोयण पुजतात म्हणून इथलंही ठेवा, असं मी म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण पावसात रोयणावरची अळमी आली की वर्गातले सगळेच, कुठल्याही घरचे असोत, त्यांचा भाव विचारतात. ती अळमी वाळवीने आत पोसलेल्या बुरशीतूनच उगवतात, हे भाव करताना कुणाच्या ध्यानात नसतं.

आत किती वर्षांची राणी आहे, ते बाहेरून सांगता येत नाही. राणी बदललेलीही असू शकेल. म्हणून मी एक वही घातली आहे, दोनशे पानी, मंडळाच्या कपाटात वरच्या खणात. पहिल्या पानावर जूनची तारीख, रोयणाची उंची (माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं) आणि उत्तरेकडून पडलेली नवी ओली माती, एवढंच आहे. अळमी अजून आलेली नाहीत. माझं हे शेवटचं वर्ष. एफ.वाय.मधलं कुणी पुढे चालवणार असेल तर शुक्रवारी मधल्या सुट्टीत भेटा. टेपही मीच देईन.