सेफ्टी गेटपाशीच संपते का?

दरवर्षी ४ मार्चला हापिसात मेल येतो: सुरक्षेची शपथ घ्या, क्विझ खेळा, टी-शर्ट जिंका. (१९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस.) शपथेला माझी ना नाही. पण मंडळी, मोठ्या कंपनीची सेफ्टी मोजायची तर एसी मजल्यावर नको, नंदुरबारला जाऊन मोजा.

आता म्हणाल, नंदुरबार मध्येच कुठून आलं? सांगतो. ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ. हिवाळ्यात शहराबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, लांबून अगदी गालिचा. फोटोला झकास! जवळ गेलात की ठसका. तिथे बाया बसून देठ खुडतात आणि संरक्षण काय, तर नाकाला गुंडाळलेला पदर. मिरचीतलं कॅप्सेसिन डोळे, घसा, कातडी जाळतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे नुसते हात धुऊन आग जात नाही, साबण किंवा तेल लागतं.

हीच मिरची पुढे मसाल्याच्या मोठ्या कारखान्यात जाते. तिथे मास्क, हातमोजे आणि 'इतके दिवस अपघात नाही' असा बोर्ड. बोर्ड खोटा नसतो हो. तो फक्त गेटच्या आतलंच मोजतो.

लगेच कोणीतरी म्हणणार, हातमोजे दिले तरी बाया घालत नाहीत. अहो, मजुरी वजनावर असेल तर हातमोज्याने हात मंदावतो आणि तेवढी मजुरी बुडते. दर वाढवा, मग बघा. दुसरं नेहमीचं उत्तर: त्या व्यापाऱ्याच्या मजूर, कंपनीच्या नाहीत. वा! मिरचीतला ओलावा, रंग, भेसळ तपासताना कंपनीला व्यापारी आड येत नाही. माणसाची चौकशी करतानाच बरा आड येतो!

कायदा नाही म्हणावं, तर तोही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत १० कामगारांची जागाही आस्थापना धरली आहे आणि ती सुरक्षित ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे.

३१ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळ वाघाडीला केमिकल फॅक्टरीत स्फोट झाला. किमान १२ माणसं गेली, तेव्हा देशभर बातमी झाली. खोकल्याचा स्फोट होत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

मागणी साधी आहे. मास्क, चष्मा, साबण, सावली आणि वर्षातून एक आरोग्य तपासणी यांचा खर्च खरेदीच्या भावात धरा आणि तसं करारात लिहा. आणि आपण आयटीवाले? खरेदीची असली सॉफ्टवेअरं आपणच तर लिहितो. त्यात ओलाव्याचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तसाच एक रकाना देठ खुडणाऱ्या हातांसाठी टाकायला एक दुपार पुरे. पुढच्या रिक्वायरमेंट मीटिंगमध्ये विचारून तर बघा. फार तर क्लायंट नाही म्हणेल. पण मग ते 'नाही' मिनिट्समध्ये लिहिलेलं राहील.