छायाचित्राची साक्ष आणि फेरफाराची नोंद

२८ मे २०२३ रोजी, नव्या संसद भवनाचे उद्घाटन चालू असताना, तिकडे निघालेल्या आंदोलक कुस्तीगीरांना दिल्ली पोलिसांनी ताब्यात घेऊन गाडीत बसवले, आणि त्या गाडीतच टिपलेले एक छायाचित्र पाहता पाहता दोन रूपांत देशभर फिरू लागले. एका रूपात विनेश फोगट, संगीता फोगट आणि त्यांच्याबरोबरची मंडळी गंभीर चेहऱ्याने बसलेली होती. दुसऱ्यात तीच मंडळी, त्याच गाडीत, त्याच कपड्यांत, गालाला खळ्या पडाव्यात अशी हसत होती. हे हसू यंत्राने चढवलेले आहे हे लवकरच उघडकीस आले खरे, परंतु ज्यांना ते पाहायचेच होते त्यांनी तोवर ते पाहून घेतले होते, आणि एका आंदोलनाचे गांभीर्य एक अक्षरही न लिहिता हिरावून घेतले गेले होते.

अशी वार्ता आली की पूर्वीचा कॅमेरा किती सत्यवचनी होता म्हणून हळहळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. इतिहासाला ही हळहळ मान्य होण्यासारखी नाही. १८५८ साली फेलिचे बियातो हा छायाचित्रकार लखनौच्या सिकंदरबागेत पोहोचला तेव्हा १८५७ च्या उठावात तेथे झालेल्या संहाराला कित्येक महिने लोटले होते. तरीही त्याच्या प्रसिद्ध चित्रात प्रांगणभर अस्थी विखुरलेल्या दिसतात, आणि त्या चित्रासाठी उकरून मांडल्या गेल्या असाव्यात, असे मत अभ्यासक फार पूर्वीपासून मांडत आले आहेत. नॅशनल जिऑग्राफिकसारख्या प्रतिष्ठित मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, ते केवळ उभ्या चौकटीत मावावेत म्हणून. फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली ती त्यानंतर आठ वर्षांनी, १९९० मध्ये. आपल्या तालुक्याच्या गावांतले जुने स्टुडिओ तरी कोठे निर्मळ होते? निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून देवीचे व्रण बुजवणे, डोळ्यांखालचा काळसरपणा घालवणे, कृष्णधवल शालूला हाताने रंग भरणे ही तेथील रीतसर कामगिरी होती आणि तिचे वेगळे पैसे पडत. स्थळ दाखवण्यासाठी काढलेला फोटो तर वधूपक्ष आणि वरपक्ष या दोघांनी समजून-उमजून मान्य केलेला असत्याचा करारच असे. मुलगी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणीही सुपारी फोडत नसे. तेथे कोणाची फसवणूक होत नव्हती, कारण फोटोत काय केले जाते हे पाहणाऱ्यास ठाऊक होते. या सबंध वादाची मेख माझ्या मते या ठाऊक असण्यात आहे.

मग नवे ते काय? पूर्वी खोटेपणाला कष्ट पडत, आणि कष्टाच्या कामात चुका राहून जात. २००३ च्या इराक युद्धात लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्की या छायाचित्रकाराने बसऱ्याजवळ काही क्षणांच्या अंतराने टिपलेली दोन चित्रे जोडून, ब्रिटिश सैनिक आणि मूल घेतलेला माणूस यांचे अधिक प्रभावी असे तिसरे चित्र तयार केले. परंतु मागच्या गर्दीतली काही माणसे त्यात दोनदा उमटली, एकाच्या ते नजरेस आले, आणि वॉल्स्कीला नोकरी गमवावी लागली. आजची संपादनप्रणाली इतकी गबाळी राहिलेली नाही. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये हवी ती वस्तू शब्दांत लिहून मागता येते, आणि पुसलेली जागा यंत्र आपल्या कल्पनेने असे भरून देते की सांधा सापडणे दुरापास्त व्हावे. याहून चिंतेची बाब अशी की काही फेरबदल आता छायाचित्रकाराच्या हुकुमाचीही वाट पाहत नाहीत. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र पडद्यावर लावून त्याचा फोटो सॅमसंगच्या फोनने काढला, तेव्हा मूळ चित्रात नसलेले डाग आणि विवरे फोनने स्वतःच्या माहितीवरून त्यात भरली. त्याच वर्षीच्या गूगलच्या एका फोनमध्ये अशी सोय आली की कुटुंबाच्या लागोपाठ काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा बरा चेहरा निवडून सर्वांचे मिळून एक चित्र करावे. म्हणजे ज्या क्षणी सर्व जण एकदम हसले असे ते चित्र सांगते, तो क्षण कधी आलेलाच नसतो. घरच्या अल्बमात हे चालून जाईल. पण तोच फोन अपघाताच्या जागी, मोर्चात आणि मतदान केंद्राबाहेरही खिशातून निघतो.

या साधनांमुळे छायाचित्रकारांच्या पोटावर पाय येईल, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती निराधार नाही. दागिन्यांच्या जाहिराती, साड्यांचे कॅटलॉग ही कामे यंत्राकडे सरकू लागली आहेत. परंतु पोटाहून मोठी हानी विश्वासार्हतेची आहे. खोटे चित्र कोणालाही सहज करता येते हे एकदा सर्वश्रुत झाले, की त्याचा पहिला लाभ मिळतो तो खऱ्या चित्रात सापडलेल्या अपराध्याला: ‘हे बनावट आहे’ एवढेच म्हटले की त्याचे काम भागते, आणि शाबितीचा बोजा बिचाऱ्या प्रामाणिक छायाचित्रकाराच्या शिरावर येऊन पडतो. जेथून प्रामाणिकपणाचा धडा मिळावा तेथेही परिस्थिती बरी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची पंतप्रधान विमानातून पाहणी करीत असल्याचे चित्र केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले. खिडकीतून दिसणारे दृश्य मागाहून बसवलेले आहे हे लोकांच्या ध्यानात येताच ते मागे घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. पूर खरा होता, पाहणीही खरी होती. विनाकारण लबाडी तेवढी वरून घातली गेली.

छायाचित्राला साक्षीची किंमत कोठून येते याचे उत्तर मुंबईकरांनी तरी विसरू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर या वृत्तछायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून चित्रे टिपली. डिसूझांच्या चित्रातला बंदूक घेतलेला दहशतवादी अजमल कसाब साऱ्या जगाने पाहिला. परंतु ती चित्रे केवळ कागद म्हणून खटल्यात उभी राहिली नाहीत. दोघेही छायाचित्रकार विशेष न्यायालयात साक्षीदार म्हणून हजर झाले, आणि हे मी पाहिले, हे मी टिपले, असे त्यांनी शपथेवर सांगितले. मागे उभा राहणारा माणूस नसेल, तर चित्र कितीही स्पष्ट असो, ते निनावी पत्राच्या लायकीचे असते.

कायद्याने हे ओळखले आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते, आणि त्या प्रकरणी १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मूळ उपकरण हजर केलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्रावर फाइलची गणिती ओळखखूण देण्याचीही तजवीज आहे. फाइलमध्ये लवमात्र बदल झाला तरी ती खूण बदलते.

न्यायालयाबाहेरही हेच तत्त्व लागू करण्यास हरकत नसावी, आणि ते आपल्याला मुळीच अपरिचित नाही. जमिनीच्या सात-बारावर बदल होतच असतात: वारस लागतात, खरेदीखते होतात, बोजे चढतात आणि उतरतात, सरकार त्यांना मनाई करीत नाही, परंतु प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक पडतो, गाव नमुना सहामध्ये त्याची नोंद होते, हरकत घेण्यास मुदत मिळते, आणि जुनी नोंद नाहीशी केली जात नाही. छायाचित्रालाही एवढेच हवे आहे. उजेड-अंधार सावरणे, कड कापणे, रंगाची झाक दुरुस्त करणे यांना डार्करूममध्येही कोणी लबाडी म्हटले नाही. चित्रात नसलेले घालणे आणि असलेले काढणे, तेथून मात्र नोंदीवाचून पुढे जाता कामा नये. २०१६ मध्ये छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या काही चित्रांतून माणसे आणि वस्तू गाळल्याचे उघड झाले, तेव्हा आपण आता वृत्तछायाचित्रकार नसून दृश्यांतून कथा सांगणारे आहोत, असा खुलासा त्यांनी केला. कथा सांगण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु कथा सांगतो आहे हे आधी सांगायचे असते, पकडले गेल्यावर नव्हे.

अशी नोंद चित्राच्या पोटातच ठेवण्याची यंत्रणा निर्माण झाली आहे. सी-टू-पी-ए नावाचे मानक २०२१ पासून आकार घेत आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका कंपनीने असा कॅमेरा बाजारात आणला की चित्र टिपतानाच त्यावर डिजिटल मोहोर उमटावी आणि पुढचे बदल तिच्याखाली नमूद होत जावेत. तो कॅमेरा लाखांच्या घरातला आहे, हे एक. आणि समाजमाध्यमांवरून चित्र दोन-चार हातांतून गेले की सोबतची माहिती बहुधा गळून पडते, हे दुसरे. यंत्रावर सारा भार टाकून निश्चिंत होण्याइतकी ही व्यवस्था अद्याप परिपक्व झालेली नाही.

म्हणून माझे मागणे संपादकांपाशी आहे. ‘संग्रहित छायाचित्र’ आणि ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ ही दोन शब्दयोजना मराठी वृत्तपत्रे नित्य छापतात आणि वाचकही त्यांचा अर्थ अचूक जाणतो. त्यांच्या जोडीला ‘फेरबदल केलेले’ आणि ‘यंत्रनिर्मित’ ही दोन पदे यावीत. प्रत्येक वृत्तचित्राखाली ‘खास प्रतिनिधी’ किंवा ‘समाजमाध्यमांवरून साभार’ असे न छापता टिपणाऱ्याचे नाव यावे. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल कार्यालयाच्या दप्तरी जमा असावी. आणि वाचकाने हरकत घेतली तर ती उघडून दाखवण्याची तयारी असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही की नवा कॅमेरा लागत नाही. उद्याच्या अंकापासून आरंभ करता येईल.