पंखे फिरत होते, पंप बंद होता



या सदरात आम्ही आजवर जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांचे प्रवेश अशाच विषयांवर लिहीत आलो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तापणारा संगणक! पण त्यासोबत आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

नागपुरातील आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. मुंबईला नोकरीस असलेल्या एका बांधवाने आपला वापरलेला पण चांगला दमदार संगणक अभ्यासिकेला दान दिला. त्याच्या प्रोसेसरला लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रवाने उष्णता वाहून नेण्याची व्यवस्था आहे. मुले-मुली त्यावर परीक्षांचे अर्ज भरतात, सराव प्रश्नपत्रिका सोडवतात. बारावी झालेला एक मुलगा त्यावर व्हिडिओ संपादन शिकतो. संगणकाची देखभाल आणि खोलीची किल्ली त्याच्याकडेच.

२०२४ ची बुद्धपौर्णिमा २३ मे रोजी झाली आणि दोन-तीन दिवसांतच संगणकाने असहकार पुकारला. सुरू व्हायचा, थोडा वेळ चालायचा, मग संथ व्हायचा. मुलाने पौर्णिमेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तयार करायला घेतला की एकदम बंद! मंडळाची बैठक बसली. कोणी म्हणाले, "नवतपा चालू आहे, तापणारच." कोणी म्हणाले, "प्रोसेसर गेला, नवा घ्या." शेवटी बहुतेकांचे एकमत झाले की पोरगा रात्री गेम खेळतो आणि त्यानेच यंत्र जाळले. हे सर्वांत मोठ्याने म्हणणारे आम्हीच होतो. किल्ली काढून घेण्याचा ठरावही आम्हीच मांडला.

मुलगा एवढेच म्हणाला, "काकाजी, मी गेम नाही खेळलो जी. एक वेळ तपासून तर पहा."

आम्ही गप्प झालो. विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आम्हीच करतो. प्रत्येक घटनेला कारण असते, आणि ते शोधता येते, हे बाबासाहेबांनी त्यात ठासून सांगितले आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून काही मानू नका, असा उपदेश भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना केला, हेही आम्ही मुलांना शिकवतो. आणि ठराव मात्र ऐकीव गोष्टीवर! बैठक तहकूब करून आम्ही मुलासोबत वर गेलो.

आमचे एक वडीलधारे कार्यकर्ते तांब्याभर पाणी घेऊन मागोमाग आले. "कूलर आहे ना? पाणी आटले असेल, भरून टाका!" त्यांचा दोष नाही. नागपूरकराला कूलर म्हटले की खस आणि पाण्याची टाकीच आठवते. पण हा कूलर निराळा. खोलीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो. संगणकाचा कूलर काहीच गार करीत नाही, तो फक्त उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसवलेली असते, दोघांच्या मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर. पट्टीला लागून छोटा पंप. पंप द्रव ढकलतो, तो नळीतून रेडिएटरला जातो, तेथे पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात आणि निवलेला द्रव दुसऱ्या नळीने परत येतो. घरगुती संगणकात हे सारे सहसा कारखान्यातून सीलबंद येते. त्यात नळाचे पाणी ओतायचे नसते.

मुलाने प्रथम बायोसमध्ये तापमान पाहिले. संगणक थंड असताना सुरू केला होता, तरी आकडा ५८ वर होता आणि आमच्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत ९० च्या पुढे गेला. अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान आवरले नाही तर जीव वाचवण्यासाठी संगणक बंद होतो. म्हणजे ते बंद पडणे हा रोग नव्हता, ते लक्षण होते.

मग त्याने कॅबिनेटच्या वर, रेडिएटरमधून हवा येते तेथे हात धरला. "काकाजी, पंखे तर फिरून राहिले, पण हवा गरम नाही."

इथेच सारे उलगडले. प्रोसेसर तापलेला आणि बाहेर येणारी हवाही तापलेली, तर समजावे की उष्णता रेडिएटरपर्यंत पोहोचते आहे. मग दोष धुळीचा, पंख्याचा किंवा खोलीच्या उकाड्याचा. पण प्रोसेसर ९० वर आणि हवा खोलीइतकीच, तर उष्णता वाटेतच अडली आहे. म्हणजे पंप बंद, नळीत अडथळा, किंवा पट्टी नीट टेकलेली नाही.

संगणक बंद केला, भिंतीतला प्लग काढला, कॅबिनेटची बाजू उघडली. पंपाची तीन तारांची बारीक वायर मदरबोर्डच्या पिनांवरून निसटून लोंबत होती! पंखे वेगळ्या पिनांवर, म्हणून ते जोरात फिरत होते आणि संगणक काही तक्रारही दाखवीत नव्हता. वायर जागेवर बसवली. बायोसमध्ये पंपाचा वेग दिसू लागला, वरची हवा कोमट झाली. त्या दिवशी खोलीतच ४१ अंश होते, तरी व्हिडिओ तयार होताना प्रोसेसर ८० च्या आत राहिला.

आता प्रश्न उरला, वायर कोणी ओढली? पौर्णिमेच्या आधी विहाराची साफसफाई झाली, तेव्हा कॅबिनेट उघडून फडक्याने आतली धूळ पुसणारा उत्साही कार्यकर्ता कोण? वाचकहो, आम्हीच! पुढच्या बैठकीत आम्ही हे उभे राहून सांगितले, ठराव मागे घेतला आणि मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. चौकशीविना दोषी ठरवले जाणे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. तेच आम्ही आपल्याच पोराशी करणार होतो.

आपल्या घरी असा संगणक असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. फडके आत फिरवू नका. प्लग काढून मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने रेडिएटरची धूळ काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. पंप चालू असूनही हवा गरम येत नसेल तर जाणकाराकडून पट्टी काढून घ्या. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. रेडिएटर असा बसवा की त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील, नाहीतर हवेचे बुडबुडे पंपात अडकून गुळगुळ आवाज येतो. सीलबंद कूलरमधला द्रवही वर्षानुवर्षांत नळ्यांतून हळूहळू उडून जातो. कूलर जुना झाला आणि पंपच मेला, तर तो उघडून भरण्याच्या भानगडीत न पडता प्रोसेसरला पेलेल असा साधा हवेचा कूलर बसवावा. तो पुष्कळदा स्वस्तही पडतो.

किल्ली त्या मुलाकडेच आहे. त्याने आतल्या प्रत्येक वायरीला नावाची चिठ्ठी बांधली आहे. पुढच्या साफसफाईला कॅबिनेट कोण उघडणार, हेही मंडळाने ठरवले. त्या यादीत आमचे नाव नाही, आणि ते योग्यच आहे!

जयभीम!