दिसणारे वेड, न दिसणारी उदासी

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आल्यावर पाचच वर्षांत वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला आणि १८६४ साली नागपुरात तसे इस्पितळ उभे राहिले. पण त्याचे दार रस्त्यावर ओरडत फिरणाऱ्यासाठी होते, १८९९-१९००च्या दुष्काळात घराच्या कोपऱ्यात मुकाट खचलेल्यासाठी नव्हते. कायदा झाला त्याच सुमारास, १८५९ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने परिचर्येवरील आपल्या ग्रंथात रुग्णाच्या निरीक्षणाला मध्यवर्ती स्थान दिले आणि पोकळ धीर देणाऱ्यांना खडसावले. कायदा आपण उचलला, हा धडा मात्र मागेच राहिला.

१९१२चा कायदाही मुख्यतः ताबा आणि बंदोबस्ताचाच. १९८२च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मनाचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचे ठरवले. चार वर्षांनी, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा आत्महत्येत अंत झाला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६चा, आशाताईंना घरोघर पाठवणारा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५चा. कर्ज आणि कापसाचा भाव हे प्रश्न औषधाने सुटत नाहीत, हे खरेच. पण म्हणून त्या ओझ्याखाली जडलेला नैराश्याचा आजार ओळखायचाच नाही, असे होत नाही.

तो ओळखू येतो कसा? केंद्रावर बीपी मोजताना बाई सांगते, “डोकं जड रायते सिस्टर, झोप नाही, जीव घाबरते.” तक्रार शरीराची असते, म्हणून गोळी मिळते आणि पुढच्या महिन्यात तीच बाई परत येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नाही का, पहाटेच जाग येते का, जेवण तुटले का, आणि स्पष्टच, जीव द्यावासा वाटतो का, हे विचारायला पाच मिनिटे लागतात. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे.

यवतमाळशेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून हेच काम करून घेतले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

फवारणीचे औषध प्यालेला एखादा माणूस अॅट्रोपिनच्या उताऱ्याने वाचतो, घरी जातो. २०१७च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याच्या कलम ११५ने त्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानले आणि त्याची काळजी सरकारवर सोपवली. ती काळजी डिस्चार्जच्या आधी सिस्टरच्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी, आणि त्यासाठी तिच्या हातातली चार रजिस्टरे कमी करण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची आहे.