विजेचे ऋतु आणि घरचा न्याय

गेल्या पौषांत आमच्या घरीं विजेचें बिल आलें, तेव्हां चष्मा पुसून आम्हीं तो आंकडा पुन्हां वाचला. एकत्र कुटुंब, माणसें नऊ, मीटर एक. अशा घरांत बिल वाढलें कीं प्रथम अपराधी शोधला जातो. आमची नात बारावीस आहे. रात्रीं दहापासून एक वाजेपर्यंत तिच्या खोलींत दिवा असतो. तेव्हां अपराधी सांपडण्यास वेळ लागला नाहीं. जन्मभर वर्गांत ज्या स्वरांत बोललों, त्याच स्वरांत तिला बोललों. ती कांहींच बोलली नाहीं. आठ दिवसांनीं सूनबाईंनीं सांगितलें कीं, मुलगी पांघरुणांत मोबाईलच्या उजेडांत वाचते आणि सकाळीं तिचे डोळे लाल असतात.

निकाल आधीं आणि पुरावा मागाहून, असा हा आमचा न्याय! मनाला तें लागलें. मीटरावर एक तांबडा ठिपका लुकलुकत असतो. आमच्या मीटरावर ३२०० हा आंकडा छापलेला आहे. म्हणजे ठिपका तितक्या वेळां लुकलुकला कीं एक युनिट झालें. फ्रिजसुद्धां सर्व कांहीं बंद करून नातीचा ९ वॅटचा दिवा तेवढा लावला आणि घड्याळ घेऊन मीटरासमोर बसलों. ठिपका सुमारें दोन मिनिटांनीं एकदां लुकलुके. नंतर न्हाणीघरांतील २००० वॅटचा गीझर लावला. आतां तोच ठिपका मिनिटास शंभराहून अधिक वेळां लुकलुकूं लागला!

मग पाटीवर हिशेब मांडला. ९ वॅटचा दिवा रोज तीन तास जळला, तर तीस दिवसांत ०.८१ युनिट होतें. आणि आमचें स्नान? थंडींत दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर पाणी, १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ०.८४ युनिट लागतें. अर्थात् नातीचें महिन्याभराचें वाचन आणि आजोबांचें एका दिवसाचें स्नान यांचा खर्च सारखाच! ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कारटें’ ही म्हण आम्हीं मुलांस कितीदां तरी समजावून सांगितली असेल.

आमची समजूत अगदींच निराधार होती असें मात्र नाहीं. आमच्या तरुणपणीं घरांत ६० वॅटचे दिवे असत. तसल्या दिव्यास याच वाचनासाठीं महिन्यास ५.४ युनिटें लागलीं असतीं. २०१५ नंतर सरकारी योजनेंतून ९ वॅटचे एल.ई.डी. दिवे घरोघर आले. दिवा पालटला, वडीलधाऱ्यांची बोलणीं मात्र जुन्याच दिव्याच्या मापाचीं राहिलीं. विजेचा मोठा खर्च उजेडाचा नव्हे, उष्णतेचा आहे, हें ध्यानांत धरावें.

शिवाय या खर्चास ऋतु आहेत. भोर-वेल्ह्याच्या बाजूस पावसाळ्यांत दांडीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहींत; मग त्यांखालीं रात्रभर पंखा चालतो. ७५ वॅटचा पंखा दहा तास चालला कीं पाऊण युनिट गेलें. हेमंत-शिशिरांत खर्च न्हाणीघरांत होतो. ग्रीष्मांत पाणी मुळांतच कोमट असल्यामुळें गीझरचें काम निम्म्यावर येतें. परंतु तीन पंखे बारा तास फिरले तर रोज २.७ युनिटें होतात. नव्या तऱ्हेचे पंखे सुमारें ३० वॅटांत तितकाच वारा देतात. जुना पंखा बिघडेल तेव्हां हें आठवावें.

आणखी एक गोष्ट. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. तेथील वीजगृह १९७७ पासून चालू आहे. नीरा कालव्यांच्या शेतांकडे निघालेलें पाणी जातां जातां तेथील यंत्र फिरवून जातें. त्या यंत्राची पूर्ण शक्ति १६ मेगावॅट आहे. म्हणजे आमच्यासारखे ८,००० गीझर एकाच वेळीं लागले कीं ती संपली. वेल्हे तालुक्यांतील—ज्यास आतां राजगड तालुका म्हणतात—पानशेतचें वीजगृह याच्या निम्म्या शक्तीचें आहे. पहाटे सहाच्या ठोक्याला सर्वांचींच स्नानें निघालीं तर कितीहि धरणें पुरीं पडावयाचीं नाहींत. म्हणून किती जाळलें याबरोबर केव्हां जाळलें हेंहि पाहिलें पाहिजे.

आपल्या राज्यांत घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनीं चढतो. वरचा दर त्या टप्प्यावरील युनिटांसच लागतो. नऊ माणसांच्या एका मीटरास पहिला टप्पा ओलांडण्यास कितीसा वेळ? त्यांत कुणा एकट्याचा दोष नसतो.

आतां आम्ही एका बादलींत स्नान उरकतों, आणि पाणी तापलें कीं गीझर स्वतः बंद करतों. ज्या रात्रीं हिशेब मांडला त्याच रात्रीं नातीच्या खोलीशीं जाऊन म्हटलें, “बाळ, चूक माझी होती. दिवा लाव.” ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही दोन बादल्या घेतल्या तरी चालेल. बाहेर थंडी फार आहे.”

वाचकांनीं आपल्या मीटरासमोर एकदां तरी घड्याळ घेऊन बसावें. घरांत कुणास बोलण्यापूर्वीं बसावें, एवढीच विनंति.